आशीर्वादापुरतं आवरलेलं घर

८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बिशपांना नाही, तुला आहे. बिशपांना लिहायचं असतं तर कागद बरा घेतला असता. हा आमच्या लाँड्रीतला आहे. वर हॉस्पिटलचं नाव छापलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. कुणी आजारी नाही.

लेकीचं दृढीकरण या वर्षी मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी. ते द्यायला तूच येणार आहेस. बाप्तिस्म्याच्या वेळी ती तान्ही होती, तिच्या वतीनं आम्ही ‘हो’ म्हटलं होतं. आता तिचं ‘हो’ तिनं म्हणायचं. त्या वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहायला धर्मपिता लागतो. तिनं आपल्या धाकट्याचं नाव दिलं.

फादरनी नाव वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “दुसरं कुणी सुचतंय का?”

लेक म्हणाली, “नाही.”

“तुझा मामा माणूस चांगला आहे. प्रश्न तो नाही.”

“मग कुठला आहे?”

फादर माझ्याकडे बघायला लागले, मी खिडकीकडे. शेवटी त्यांना बोलावंच लागलं. “तो एका पुरुषाबरोबर राहतो. सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला वेदीपुढे उभा केला तर त्या राहण्याला मी होकार दिल्यासारखं होईल.” मग उठता उठता म्हणाले, “बिशपांना विचारा. ते तर तुमच्या घरचेच.”

ते दुष्ट नाहीत. माझे सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा हेच फादर येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, खेळाच्या पानासकट.

लेक म्हणते, मामा नसेल तर मी रांगेत उभीच राहणार नाही. आधी मला वाटलं, वयाचा हट्ट आहे. तसं नाही. मधे तिनं चर्चमध्ये मिस्सेला येणं सोडलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. आम्ही ओरडलो, रडलो, सगळं केलं. धाकट्यानं काहीच केलं नाही. तो तिला घेऊन शेवटच्या बाकावर बसायचा. “विश्वास नसला तरी बसायला मनाई नाही,” म्हणायचा. ती बसली. बसता बसता परत आली. लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरताना क्रूसाची खूण करणारा आपल्या घरात तो एकटाच. तू धरून, असं म्हणणार होते, पण तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरत नाहीस.

मला प्रवचन नको. हो की नाही, तेवढं कळव.

मधली


१७ फेब्रुवारी

प्रिय मधले,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. लेकीचं ते परत येणं मला माहीत नव्हतं. वाचून बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

तू हो की नाही विचारलं आहेस. तेवढ्यात उत्तर देता आलं असतं तर मी फोनच केला असता. धर्मपिता श्रद्धेला शोभेल असं जीवन जगणारा असावा, असा नियम आहे. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. पण ते पाळीन असं वचन मी हात जोडून दिलेलं आहे. फादरनी नियमाच्या बाहेरचं काही सांगितलेलं नाही.

मी गप्प बसलोय असं मात्र समजू नकोस. गेल्या वर्षी बिशपांच्या सभेत मी उभा राहून म्हणालो की समलिंगी माणसांशी आपण ज्या भाषेत बोलतो ती बदलली पाहिजे. चर्च त्यांचंही घर आहे. काहींनी माना डोलावल्या, काहींनी कागद चाळले. जेवताना एका वयस्क बिशपांनी विचारलं, “तुमच्या घरी कुणी आहे का?” मी म्हणालो, “सगळ्यांच्याच घरी असतं.” हशा झाला. पुढच्या सभेत हा विषय पुन्हा घ्यायचं ठरलं आहे. वारं बदलतंय. पण एवढं मोठं जहाज जागच्या जागी वळत नाही, आणि मी त्याचा कप्तान नाही, एका डेकवरचा अधिकारी आहे.

एक मार्ग सुचतो. लेकीला माझ्या निवासातल्या चॅपेलमध्ये घेऊन या. धाकट्याला आणा. तुम्ही दोघं, ती, तो आणि मी. दार लावून घेऊ. कपाळाला लावायचं तेल तेच, शब्द तेच, संस्कार तोच. फादरना अवघडल्यासारखं होणार नाही आणि गावभर चर्चाही होणार नाही. हे मी एरवी कुणासाठी करत नाही.

विचार करून कळव.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

विचार केला. नको.

तुझं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं. चॅपेलपर्यंत ती शांत होती. ‘दार लावून घेऊ’ ऐकल्यावर म्हणाली, “मोठ्या मामाला सांग, मला दृढीकरण घ्यायचंय, गुन्हा करायचा नाहीये.”

तू हे प्रेमानं सुचवलंस, ते मला कळतं. तिला नाही कळत, आणि मला कळतं याचा मला राग येतो. आपल्याला लहानपणापासून सवय आहे. पाहुणे आले की फाटकी चादर खाली, चांगली वर. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी धुतेय. खालची चादर कुठली ते मला न बघता कळतं.

आणि ते तुझं ‘सगळ्यांच्याच घरी असतं’. त्यांनी तुझ्या घराबद्दल विचारलं, तू जगाबद्दल उत्तर दिलंस. हशा झाला म्हणतोस. धाकट्याला हे सांगितलं तर तोही हसेल. तो सगळ्यालाच हसतो, ते सोड.

एक विचारते. तू त्याच्या घरी कधी गेला आहेस? तो आणि त्याचा मास्तर तिथे राहायला लागले तेव्हा लेक पाळण्यात होती. तू पूर आलेल्या वस्तीत गेलास, तुरुंगात गेलास, पेपरात फोटो आले. त्याच्या तीन जिन्यांवर नाही गेलास. ज्या माणसाचं जगणं श्रद्धेला शोभतं की नाही हे ठरवायचंय, त्याच्या स्वयंपाकघरात एकदा बसून तरी ये.

चॅपेल राहू दे.

मधली


१७ एप्रिल

प्रिय मधले,

उत्तराला फार उशीर झाला. उपवासकाळ होता, मग ईस्टर. पण खरं कारण ते नाही. तुझ्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता आहे. मी गेलो होतो.

ईस्टरनंतर फादर घरोघर आशीर्वाद द्यायला जातात, पवित्र पाणी शिंपडतात. या वर्षी मी तुमच्या फादरना म्हणालो, एक दिवस मीही तुमच्याबरोबर येतो, आणि धाकट्याची गल्ली माझ्या दिवशी ठेवा. फादरनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत तारीख लिहून घेतली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली. दार मास्तरांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. त्यांना मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. मी कल्पना केली होती त्यापेक्षा वयानं मोठे वाटले, आणि जास्त थकलेले.

मधले, मी पुढे लिहितो ते तुला कदाचित माहीत असेल आणि माझ्यापासून तू लपवलं असशील. घरात एकाच माणसाच्या वस्तू होत्या. टेबल मोठं, पण खुर्ची एक. ओट्यावर एक ताट, एक कप. खुंटीवर एक कोट. आतल्या कपाटाचं दार नीट लागत नव्हतं. अर्धं कपाट रिकामं दिसत होतं. भिंतीवर एका फ्रेमच्या आकाराचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. मास्तरांनी मला त्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सगळा वेळ उभे राहिले.

मी विचारलं, “एकटेच असता?”

ते म्हणाले, “आज एकटाच आहे.”

त्यात इतका सौम्यपणा होता की मला पुढे विचारवलं नाही. फादरनी खोल्यांमधून पाणी शिंपडलं, मी प्रार्थना म्हटली. जिना उतरताना मी स्वतःलाच विचारलं, मला काय वाटतंय? दुःख झालं. एवढ्या वर्षांची सोबत तुटणं लहान गोष्ट नाही. पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहितो, हलकंही वाटलं. जो प्रश्न सोडवण्याची हिंमत माझ्यात होत नव्हती तो आपोआप सुटला होता.

खाली आल्यावर मी फादरना म्हणालो, “आता धर्मपित्याच्या बाबतीत काही अडचण दिसत नाही.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आपण म्हणता, तर नाही.”

तेव्हा लेकीला सांग, धाकटाच उभा राहील. सगळ्यांसमोर, दारं उघडी ठेवून. धाकट्याला माझं प्रेम कळव. त्याला एकटं पडू देऊ नकोस.

दादा


२१ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. तू तीन जिने चढलास, ते बरं केलंस.

फादर तयार झाले हे चांगलं झालं. लेकीला सांगते.

इथे उकाडा आहे. मोठं मशीन परत बिघडलंय, चादरींचा डोंगर झालाय. जास्त लिहायला वेळ नाही.

मधली


२५ एप्रिल

प्रिय मधले,

तुझं पत्र त्रोटक होतं. समजू शकतो, तुलाही दुःख झालं असणार.

मी धाकट्याला फोन केला. विचारलं, “कसा आहेस?” म्हणाला, “झकास.” विचारलं, “जेवतोस ना नीट?” म्हणाला, “तुझ्यापेक्षा नीट.” तो असाच. आतलं दाखवणार नाही.

सध्या तो कुठे राहतो ते विचारायचं मला जड गेलं. तुझ्याकडेच असेल. तुमच्या दोन खोल्यांत किती दिवस निभावणार? माझ्या निवासात वरची मागच्या बाजूची खोली रिकामी आहे. बागेकडे खिडकी आहे. त्याला म्हणावं, हवा तितका काळ राहा. आमच्याकडे जुनी लिफ्टही आहे, रोज अडकते. करमेल त्याला.

दादा


३० एप्रिल

दादा,

माझ्यानं होत नाही. वरची खोली वाचल्यावर तर अजिबातच नाही.

ते दोघं वेगळे झालेले नाहीत.

तू जी खुर्ची पाहिली नाहीस ती त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात होती. धाकटा तिच्यावर बसून शेंगा सोलत होता. त्याचा कोट, त्याचं ताट, बूट, दाढीचं सामान, त्या दोघांचा आणि लेकीचा तो फ्रेममधला फोटो, सगळं माझ्या पलंगावर. दर वर्षी असंच असतं. फादरनी आशीर्वादाची तारीख सांगितली की धाकटा आदल्या दिवशी आवरायला घेतो. आता त्याचा हात बसलाय. संध्याकाळी फादर गेले की मास्तर येतो आणि दोघं मिळून एक एक वस्तू परत नेतात. खुर्ची जिन्यात आपटते. खालची बाई दर वर्षी विचारते, “परत नवी घेतली?”

तू विचारशील, का? फादरना तर माहीतच आहे.

माहीत आहे. पण माहीत असणं निराळं आणि बघितलेलं असणं निराळं. मास्तर सरकारी शाळेत शिकवतो असं तुला वाटतं. तो धर्मप्रांताच्या शाळेत शिकवतो, नदीपलीकडच्या. तुझ्या शाळेत. तुमचा नियम आहे की शिक्षकाचं घर श्रद्धेला साजेसं असावं, आणि त्याच्या भागातल्या फादरनी वर्षातून एकदा घर बघून शाळेला तसं कळवावं. आमच्या फादरनी दोन ताटं बघितली तर त्यांना दोन ताटं कळवावी लागतील. म्हणून आम्ही एक ठेवतो. ते एक बघतात, पाणी शिंपडतात, सुटतात. हे कुणी ठरवलेलं नाही, कुणी कुणाशी बोललेलं नाही. त्याच शाळेतली संगीताची बाई तिच्या मैत्रिणीबरोबर राहायची. तिच्याकडचे फादर नवे होते, न सांगता गेले. पुढच्या सत्रात बाई नव्हती. मुलांना सांगितलं, तब्येत बरी नसते.

आता फादर जिन्याखाली तुझ्याकडे का बघत राहिले ते कळलं असेल. एवढी वर्षं जे फक्त त्यांना दाखवायला मांडत होतो त्यात तू येऊन फसलास. आणि त्यांनी तुला सांगितलं नाही. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असणार. मलाही वाटलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, गप्प बसावं. लेकीचं काम होतंय, मास्तरची नोकरी राहतेय, दादाचं मन हलकं झालंय. एवढ्या लोकांचं भलं करणारं खोटं मला पुन्हा मिळालं नसतं.

धाकट्याला सांगितलं. तो इतका हसला की खाली बसला. मग हसू थांबलं. म्हणाला, “म्हणजे मास्तर माझा कुणी नाही असं ठरलं, तर मी चांगला?” मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. म्हणाला, “ताई, मी वर्षातून एक दिवस घर सोडतो. वेदीपुढे उभा राहून नाही सोडणार.” लेक दारात उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. तिचं माझ्याशी बोलणं बंद आहे.

तेव्हा तो उभा राहणार नाही. ती उभी राहणार नाही. आणि हे तुला लिहून मी मास्तरची नोकरी तुझ्या हातात दिली आहे. त्याला विचारून दिली. तो म्हणाला, “लिहा. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही नव्हतो बोललो.”

काय करायचं ते कर.

मधली


९ मे

दादा,

पत्र मिळालं का, एवढंच कळव.

काल मास्तरच्या शाळेच्या मुख्य फादरना तुझ्याकडे बोलावलंय असं कळलं. मास्तर फळ्यापाशी उभा असतो, घरी येऊन वह्या तपासतो. धाकटा नेहमीपेक्षा जास्त विनोद करतोय, म्हणजे घाबरलाय.

तू रागावला असशील तर माझ्यावर रागाव. त्याची नोकरी घालवू नकोस. पाया पडून सांगते म्हण, किंवा मोठ्या आवाजात सांगते म्हण. तुला जे ऐकू येईल ते.

मधली


१४ मे

प्रिय मधले,

पत्र मिळालं होतं. रागावलो नव्हतो. लाजलो होतो, आणि लाजेत लिहिलेलं पत्र मला पाठवायचं नव्हतं. तुला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल क्षमा कर.

आधी फादरकडे गेलो. म्हणालो, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो. ते दोघं एकत्रच राहतात.” फादर म्हणाले, “हो.” एवढंच. मग चष्मा पुसत, “मला वाटलं आपल्याला तसं वाटून घ्यायचं आहे.” मधले, माझ्या हाताखालची माणसं मला किती नीट ओळखतात, हे मला तेव्हा कळलं.

मग शाळांच्या प्रमुखांना बोलावलं. घर बघण्याचा नियम माझ्या आधीच्या बिशपांनी घातला होता. दर वर्षी बाकीच्या नियमांबरोबर तोही माझ्यापुढे येतो आणि मी पुढे जाऊ देतो. संगीताच्या बाईंचं प्रकरण माझ्या काळातलं आहे. मला ते आठवतही नाही. तो नियम मी काढून टाकला. एकानं विचारलं, “म्हणजे आता काहीही चालेल?” मी म्हणालो, “गणित नीट शिकवलेलं चालेल.” कुणी हसलं नाही. मीही हसवायला म्हणालो नव्हतो. संगीताच्या बाईंना मी पत्र लिहिलं आहे. त्या उत्तर देतील असं नाही.

मग त्या तीन जिन्यांवर गेलो. या वेळी न सांगता, साध्या शर्टात. धाकट्यानं दार उघडलं. त्याच्या हातात पाना होता.

“आशीर्वाद द्यायला आलास की तपासायला?”

“चहा प्यायला.”

“मग खुर्ची खालून आणावी लागेल. आमच्याकडे दोनच आहेत.”

“मी उभा राहीन.”

“तू? तुझे गुडघे उभे राहतील?”

एका खुर्चीवर त्यानं मलाच बसवलं, दुसरीवर मास्तर बसले, तो बादली उलटी करून बसला. चहा फारच गोड होता. आम्ही बराच वेळ लिफ्टबद्दल बोललो. मग त्यानं विचारलं, “दादा, खरं सांग. तुला हे सगळं चर्च बदलता येईल?”

“नाही.”

“मग कशाला धडपडतोस?”

मी म्हणालो की सिद्धांत माझ्या हातात नाही. तो ज्यांच्या हातात आहे तेही मान वर करून इकडे-तिकडे बघत असतात, आधी कोण बोलतंय म्हणून. मी तीस वर्षं तेच करत आलो. पण शाळा माझ्या हातात आहेत, फादर कुणाला काय सांगतात त्याची जबाबदारी माझ्या हातात आहे, आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी कुणाच्या कपाळावर तेल लावायचं आणि तिच्या मागे कोण उभं आहे हे न बघितल्यासारखं करायचं की नाही, ते पण माझ्याच हातात आहे.

मास्तर म्हणाले, “तुमच्या जागी उद्या दुसरे आले तर? नियम परत येईल.”

मी म्हणालो, “येऊ शकेल.” त्यांना खोटा धीर देणं मला शक्य नव्हतं. “पण परत घालायला कुणाला तरी तो मोठ्यानं वाचावा लागेल. आतापर्यंत कुणी वाचतच नव्हतं.”

धाकटा मास्तरांकडे बघत होता. त्यांनी मान हलवली. मग तो मला म्हणाला, “मास्तर बाकावर तुमच्या सगळ्यांबरोबर बसेल. मागे नाही.”

“हो.”

“आणि तू चॅपेल वगैरे काढणार नाहीस.”

“नाही.”

“मग उभा राहतो. पण सूट घालणार नाही.”

फादरनी मला एकच विनंती केली, परवानगी लेखी द्या. मी आजवर असल्या गोष्टी तोंडीच सांगत आलो. तोंडी सांगितलेलं नंतर सांगितलंच नव्हतं म्हणता येतं. या वेळी लिहून दिलं. त्यांचं मत बदललेलं नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेलाचं पात्र मात्र नेहमीप्रमाणे तेच धरणार आहेत. मला वरच्यांकडून काही पत्रं येतील, त्यांना उत्तरंही द्यावी लागतील. त्याची तयारी आहे, निदान आज सकाळी तरी आहे.

लेकीला विचार, ती रांगेत येईल का. तिनं नाही म्हटलं तरी मी समजून घेईन.

दादा


२६ मे

दादा,

तू वेदीकडून बघत होतास, म्हणून बाकावरून काय दिसलं ते लिहिते.

लेकीनं माझ्याशी बोलणं सुरू केलं ते “माझा पांढरा ड्रेस कुठाय?” असं विचारून. मी सांगितलं. झालं, भांडण मिटलं.

मास्तर माझ्या आणि ह्यांच्या मधे बसला होता. पाठ इतकी ताठ की मला वाटलं, आता कुणी उत्तर विचारलं तर उठून उभा राहील. आमच्या मागच्या बाकावरचं एक कुटुंब लेकीचा नंबर जवळ आला तसं उठलं आणि निघून गेलं. बाई, नवरा, नवऱ्याची आई. म्हातारीला कळलं नव्हतं का निघालोय ते. ती वळून वळून वेदीकडे बघत होती. दुसरेही दोघंतिघं गेले. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. मास्तरनं मागे बघितलं नाही. ह्यांनी, जे घरात चहासुद्धा मागत नाहीत, इशारा करतात, त्यांनी मास्तरच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मग लेक तुझ्यासमोर. धाकट्याचा हात तिच्या खांद्यावर. ग्रीसचे डाग घासून घासून त्यानं बोटं लाल केली होती. धर्मपित्यानं तिचं नाव सांगायचं, एवढंच त्याचं काम. दिवसभर तोंड बंद नसतं त्या माणसाचं, आणि त्याला तिचं नाव आठवेना. तू थांबलास. फादर तेलाचं पात्र धरून थांबले. सगळं चर्च थांबलं.

आणि तू म्हणालास, “सांग की रे, धाकट्या.”

दादा, तुझ्या गळ्यातला माईक चालू होता.

तुला ते नंतरही कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. पार मागच्या खांबापर्यंत ऐकू गेलं. शेजारी कुणीतरी कुजबुजलं, “भाऊ आहे?” दुसऱ्यानं म्हटलं, “बिशपांचा? सख्खा?” आणि लोक हसले. ते तुझ्या सभेतल्यासारखं हसणं नव्हतं. घरात कुणी अडखळलं की हसतात, तसं होतं. धाकट्यानं नाव सांगितलं, फार मोठ्यानं. तू तिच्या कपाळावर तेल लावलंस. माझ्या डोळ्यांत काही गेलं नव्हतं, मी रडत होते. लपवण्यात अर्थ नाही.

मिस्सा संपल्यावर फादर बाहेर आले. मास्तरसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, “आठवीच्या मुलांना बीजगणितात अडचण येतेय. रविवारच्या वर्गानंतर जरा बघाल का?” मास्तर म्हणाला, “बघतो.” मला तेवढ्यानं काही भागलं नाही. मास्तरला भागलं. दोघंही पुस्तकी माणसं आहेत, त्यांचं त्यांना माहीत.

तुझ्याविरुद्ध सह्या गोळा होताहेत असं ऐकलंय. आपल्याच चर्चच्या पायऱ्यांवर. मलाही कागद पुढे केला एकीनं, ओळखलं नाही तिनं. मी वाचला. तुझं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त करून दिलं.

आता कामाचं. मी गाडीची वाट बघत होते तेव्हा एक बाई आली. आपल्याकडची नव्हती, दुसऱ्या चर्चमधून कुणाच्या तरी दृढीकरणाला आली होती. माझ्याएवढीच असेल. पर्सची चेन उघडत होती, लावत होती. म्हणाली, “ते धर्मपिता... त्यांना परवानगी कशी मिळाली? कुणाला भेटावं लागतं?” मी विचारलं, “तुमचा मुलगा?” ती म्हणाली, “मुलगी.” त्या मुलीचं आता सतरावं चालू आहे आणि गेले दोन महिने तिनं खोलीतून बाहेर पडणं बंद केलंय, एवढं मी हळूहळू काढून घेतलं.

मी तिला सांगितलं, कुणाला भेटायला नको, बिशपांना पत्र लिहा. ती म्हणाली, “बिशप उत्तर देतील मला?”

मी म्हटलं, देतो. पहिलं उत्तर चुकीचं देतो. मग परत लिहायचं.

तुझा पत्ता दिला आहे. तिचं पत्र एक-दोन दिवसांत येईल. दादा, तिला मला लावलास तेवढा वेळ लावू नकोस.

मधली